आखाजीला चॉकोलेटचा गच्च केक, सोबत फळ कुठलं द्यावं?

माहेरवाशीण_अमळनेर
नमस्कार मंडळी. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा, भाच्या, त्यांची पोरंसोरं मिळून घर भरणार आहे. दुपारचं पान ठरलेलं: मांडे, आमरस, रशी, कुरडया, भजी. खापर, चूल, मांडे करणाऱ्या मावशी, सगळी जमवाजमव झालीय. प्रश्न संध्याकाळचा आहे. भाच्यांनी आधीच फर्मान सोडलंय, "मामी, ते मैद्याशिवायचं दाट, ओलसर चॉकोलेटचं करता ना, तेच हवं. आणि सोबत फळ."

केक करते मी, तरी कुणाकडे भरवशाची पाकृ असेल तर द्याच. खरी अडचण फळाची. व्हिडिओंमध्ये बघावं तिथे स्ट्रॉबेरी नाहीतर रासबेरी. ऐन उन्हाळ्यात अमळनेरच्या बाजारात ती कुठून आणू? इथे केळी, आंबा, पपई, टरबूज. यातलं चॉकोलेटला काय शोभेल? दुसरं म्हणजे दुपारी पारा ४२-४३ला टेकतो. हा केक ताटलीत उभा राहील का?

घरात अंडं चालतं. सासूबाई खात नाहीत, त्यांच्यासाठी काय करायचं तेही सुचवा.

भुसावळ_जंक्शन
मांडे आणि रस हाणून संध्याकाळी पुन्हा चॉकोलेट? कोणत्या चक्कीचं पीठ खाता हो तुमच्याकडे? वाचनखूण साठवली आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

जळगावची_भट्टी
ताई, ऑर्डरचे केक करते म्हणून हक्कानं लिहिते. आधी केक, मग फळ.

८ इंची गोल टिनासाठी डार्क चॉकोलेट २०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, अंडी ४, कोको २५ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी एक चमचा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. फुगवण्याचं सगळं काम अंड्यांचं. त्यामुळे अंडी आणि साखर बीटरनं पाच-सहा मिनिटं फेटा, रंग फिका पडून मिश्रण बीटरवरून जाड पट्टीसारखं खाली पडलं पाहिजे. इथे कंटाळा केला की केक बसतो आणि चिवट होतो.

चॉकोलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकोलेट. त्याऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाऊंड. कंपाऊंड स्वस्त पडतं, सजावटीला बरं, पण या केकमध्ये दुसरं काहीच नाही, त्यामुळे टाळूला चिकटणारा मेणचट थर लगेच कळतो. आपल्याकडे अमूलचं ५५ टक्के डार्क सगळीकडे मिळतं, ते चालतं. त्यापेक्षा कडू वापरणार असाल तर साखर थोडी वाढवा.

चॉकोलेट आणि बटर गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही आणि वाफेचा थेंब आत पडू द्यायचा नाही. नुसत्या वितळलेल्या चॉकोलेटमध्ये दोन थेंब पाणी गेलं तरी साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं रवाळ, घट्ट होऊन बसतं. बटर सोबत असेल तर धोका कमी, तरी भांडं कोरडंच घ्या. कोमट झालं की त्यात कोको, कॉफी, मीठ. मग फेटलेली अंडी तीन भागांत, खालून वर घेत, हलक्या हातानं. टिनाच्या तळाला बटर पेपर लावायचाच.

ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १६० अंशांवर, वरखाली दोन्ही रॉड, आधी पंधरा मिनिटं तापवलेला. ३० ते ३५ मिनिटं. नेहमीच्या केकला सुरी कोरडी बाहेर यावी लागते, इथे तिला ओले कण चिकटलेले हवेत. कडा घट्ट आणि मध्य किंचित हलता, अशा वेळी बंद करा. बाहेर काढल्यावर मध्य खाली बसतो, वरचा पापुद्रा तडकतो. तो तसाच असतो, घाबरू नका. टिनातच गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आदल्या दिवशीचा केक जास्त चांगला लागतो, म्हणजे आखाजीच्या दिवशी तुम्ही खापरापाशी मोकळ्या.

उन्हाचं म्हणाल तर कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, बटर त्याच्याही आधी सैल पडतं. तुमच्या ओसरीवर ४२. अंड्यामुळे केक वाहून जाणार नाही, पण मऊ पडून फोड मोडते. फ्रिजमधून काढून दहा मिनिटांत वाढा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग कापा. प्रत्येक फोडीला पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा. वरून गनाश (गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकोलेट) वगैरेच्या भानगडीत एप्रिल-मेमध्ये पडू नये. कोको भुरभुरवा, तोही वाढताना. आधी भुरभुरवला तर फ्रिजबाहेर येताच घाम सुटून तो ओला होतो.

पंधरा-सोळा माणसांना एक टिन पुरतो. पातळ फोडी करा, हा पोटभर खायचा पदार्थ नाही.

आता फळ. नियम एकच सांगते, फळ आंबट हवं. केकमध्ये चरबी आणि गोडवा दोन्ही मुबलक. दुसऱ्या घासाला जीभ झाकली जाते आणि चव लागेनाशी होते. आंबट काही खाल्लं की तोंड साफ होतं आणि तिसरा घास पहिल्यासारखा लागतो. स्ट्रॉबेरी, रासबेरी देतात ती याचसाठी, लाल दिसते हा वरचा फायदा. त्यामुळे पपई आणि टरबूज बाद. पपईत आंबटपणा नाही, टरबूज म्हणजे पाणी. केळी आणि आंब्याबद्दल भांडायला बाकीचे येतीलच.

यावलकर
आलोच. केळीला कमी लेखून राह्यले की काय तुम्ही? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि खान्देशातल्या सणाला केकसोबत रासबेरी शोधायची?

जळगावची_भट्टी
दादा, केळी बाद म्हटलेलंच नाही. नुसती चकत्या करून ठेवली तर गोडावर गोड होतं, इतकंच. केळीला आंबट द्यावं लागेल, आणि थोडी आच.

यावलकर
मग ऐका, हे माझं शेत आहे. बाजारात जी पिवळीधमक फणी दिसते ती झाडावर पिकलेली नसते. घड हिरवा कापतात, मग पिकवणीच्या खोलीत इथिलीन हा फळं पिकवणारा वायू देऊन पिकवतात. पिकताना आतल्या स्टार्चची साखर होत जाते. म्हणून तव्यावर परतायची केळी घ्यायची तर टोकाला किंचित हिरवट राहिलेली घ्या. ठिपके पडलेलं केळं खायला गोड, पण तव्यावर ठेवलं की लगदा. ठिपकेवाली कुस्करून केकच्या पिठात घालायची असतील तर ठीक.

आणि फणी फ्रिजमध्ये ठेवू नका. १३ अंशांच्या खाली केळीला थंडी बाधते, साल काळी पडते. आमच्याकडे हिवाळ्यात पारा घसरला की उभ्या बागेतही हाच त्रास होतो. घरी फणी दोरीनं टांगून ठेवा, आंब्याच्या आढीपासून लांब. आढीतल्या आंब्याचं इथिलीन लागलं की एका रात्रीत सगळी पिवळी.

आत्ता बाजारात केळी मिळून जाईल. जात म्हणाल तर बहुतेक ग्रँड नैनच, टिश्यूकल्चरची. जुन्या लोकांना बसराईची चव आठवते, पण ती आता शोधावी लागते.

सावद्याची_सून
यावलकर भाऊंना +१. परतायची रीत मी लिहिते, आमच्याकडे पोरांना दुपारच्याला करते.

केळं सोलून उभं चिरायचं, मग आडवे दोन तुकडे. बिडाचा तवा चांगला तापवून चमचाभर बटर किंवा साजूक तूप. चिरलेली बाजू खाली ठेवायची आणि मिनिटभर हात लावायचा नाही. उलथून पाहिलं तर कडेनं तांबूस झालेलं दिसतं, मधे बियांची काळी रेघ उठून येते आणि घरभर वास सुटतो. तेव्हा दोन चमचे चिरलेला गूळ, दोन चमचे पाणी, मीठ चिमूटभर. गूळ उकळून बुडबुडे मोठे आणि संथ झाले की गॅस बंद, आणि मग अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू गॅस चालू असताना घालू नका, वास उडतो. केळ्याचे तुकडे उचलून केकच्या शेजारी ठेवायचे, तव्यातला पाक वरून.

लिंबू कमी घालू नका. आंबट लागलं पाहिजे, "जास्त झालं का?" असं वाटेपर्यंत.

माहेरवाशीण_अमळनेर
सावद्याच्या ताई, तोंडाला पाणी सुटलं. पण हे आयत्या वेळी करावं लागणार ना? सोळा ताटल्या आणि मी तव्यापाशी.

सावद्याची_सून
गूळ-लिंबाचा पाक सकाळी करून ठेवा, बाटलीत राहतो. केळी तेवढी ऐन वेळी परता, मोठ्या तव्यावर दोन घाण्यांत होतात. भाच्यांना कामाला लावा की.

दूरदेशी
धागा छान चाललाय. मूळचा चोपड्याचा, सध्या व्हिएन्नात. इथल्या साखरटॉर्ट या चॉकोलेट केकची गोष्ट (यातलं 'साखर' हे आडनाव, गोड साखर नव्हे) इथे लागू पडते म्हणून लिहितो. १८३२ मध्ये मेटर्निख या मंत्र्याच्या घरी पाहुणे येणार होते, मुख्य आचारी आजारी, म्हणून १६ वर्षांच्या फ्रान्झ साखर नावाच्या शिकाऊ पोरावर काम पडलं आणि त्यानं हा केक केला, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवा, रचना बघा. चॉकोलेटचा केक, त्यावर जर्दाळूच्या जॅमचा थर, वरून चॉकोलेटचं आवरण, आणि शेजारी साखर न घातलेलं फेटलेलं क्रीम. जॅम आंबटगोड, क्रीम अगोड. भट्टीताई म्हणताहेत तेच गणित.

पुढे या केकवरून साखर हॉटेल आणि डेमेल ही केक-मिठाईची पेढी यांच्यात कोर्टकज्जे झाले. वादाचा एक मुद्दा होता की जॅम फक्त वर लावायचा की केक मधे कापून तिथेही लावायचा. १९६३ मध्ये तडजोड झाली आणि 'मूळ' हे बिरुद हॉटेलकडे राहिलं. म्हणजे जॅमवरून भांडणारे फक्त आपणच नाही.

भुसावळ_जंक्शन
जॅम कुठे लावायचा यावर कोर्टात? आमच्याकडे शेवभाजीत पाव की भाकरी यावर अजून कोणी वकील दिला नाही हे नशीब.

सावद्याची_सून
दूरदेशी भाऊ, तुमच्या जर्दाळूवरून सुचलं. आपल्याकडे या दिवसांत कैरीचा गुळांबा घरोघरी होतोच. तो जर्दाळूच्या जॅमच्या जागी का नको?

जळगावची_भट्टी
अहो, काय बोललात! जॅम घट्ट करणारं पेक्टिन आहे, आंबट आहे, गुळामुळे रंगही गडद. फक्त वेलची-लवंग कमी हवी, नाहीतर चॉकोलेट दबतं. कैरी किसून घेता ना, ते तंतू फोडीत ओढले जातात आणि काप स्वच्छ येत नाही. म्हणून गुळांबा थोडं पाणी घालून गरम करायचा, गाळणीतून घासून काढायचा, आणि गार केकवर पातळ थर. मैद्याशिवायचा केक मधून कापता येत नाही, मोडतो, त्यामुळे कोर्टातला तो मुद्दा आपोआप निकालात. वरचा पापुद्रा तडकलेला असतो, तिथे गुळांबा छान मुरतो.

तंतूवालाच वापरायचा असेल तर ताटलीत बाजूला चमचाभर ठेवा. तेही वाईट नाही.

खापरावरची
मी जरा वेगळं बोलते. गुळांबा पोळीशी खायचा, केकशी कशाला? आणि आखाजीला आंबाच हवा. पितरांना घागरीवर आंबा दाखवल्याशिवाय आमच्या घरात कोणी आंब्याला तोंड लावत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आंबा खायचा आणि संध्याकाळच्या ताटलीत केळी? हापूसच्या फोडी ठेवा केकशेजारी. साधं, सोपं.

जळगावची_भट्टी
ताई, सणाचा मान आंब्याचाच, वादच नाही. पण पिकलेल्या आंब्याचा वास आणि डार्क चॉकोलेटचा वास दोघंही मोठ्यानं बोलतात. कोणीच दुसऱ्याचं ऐकत नाही. मला पांढऱ्या चॉकोलेटशी आंबा आवडतो, गडद चॉकोलेटशी नाही. शिवाय दुपारी सगळ्यांनी वाट्या भरभरून रस खाल्लेला असणार.

खापरावरची
दोघं मोठ्यानं बोलतात ते आमच्या घरात रोजचंच आहे. मी आंबा ठेवणार.

शहादेकर
पपईला बाद केलंत म्हणून निषेध नोंदवतो, आमच्या तालुक्याचं पोट तिच्यावर चालतं. पण खरं सांगायचं तर चॉकोलेटशी पपई मलाही नको.

नंदुरबारकडचं काही सुचवतो. हिवाळ्यात हा केक कराल तेव्हा अक्कलकुव्याच्या वर सातपुड्यात, डाबकडे स्ट्रॉबेरी होते. तिकडची थंडी तिला मानवते. महाबळेश्वरचीच हवी असा हट्ट नको. दिवाळीच्या आगेमागे तोरणमाळ-धडगावकडची सीताफळं येतात. सीताफळाचा गर मात्र तापवू नका, कडवटपणा येतो. बिया काढून, गार करून, घट्ट दह्यात कालवून केकशेजारी.

आणि एक गंमत. धडगावला रानातल्या कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. सावद्याच्या ताईंच्या केळीच्या पाकात लिंबाऐवजी पाव चमचा ते आमचूर घालून बघा. लिंबाचा वास केळीवर चढतो, आमचूर नुसता आंबट करतो.

सावद्याची_सून
पाव चमचा आमचूर आत्ताच घालून पाहिलं. शहादेकर भाऊ, लिंबू रिटायर. फक्त आमचूर आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यावं, नाहीतर गुठळी राहते.

धुळ्याचा_आप्पा
बठ्ठं आयकी लिधं, आते माले एक सांगा. कपाटात ठेवलेल्या चॉकोलेटवर पांढरी राख धरली आहे. नातू म्हणतो बुरशी, फेका. फेकू का?

जळगावची_भट्टी
आप्पा, फेकू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात कपाटातच ३५च्या वर तापमान जातं. चॉकोलेट आतल्या आत वितळतं, रात्री पुन्हा घट्ट होतं, तेव्हा कोको बटर वर येऊन पांढरट दिसतं. बोटानं चोळलं तर ते वितळून जातं. बुरशी तशी जात नाही. खायला थोडं रवाळ लागेल, पण केकमध्ये वितळवायचंच आहे, काही फरक पडत नाही.

फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात, आणि काढल्यावर डबा लगेच उघडू नका. बाहेरच्या दमट हवेचं पाणी वर बसलं की साखर विरघळते आणि वाळल्यावर पुन्हा पांढरं दिसतं. तो दुसऱ्या प्रकारचा पांढरेपणा, हाताला खरखरीत लागतो. आणि डबा नसेल तर शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास चॉकोलेट आवडीनं घेतं.

धुळ्याचा_आप्पा
नातवाले वाची दाखाडं. हाऊ केक व्हयना की आम्हले बी चाखाले बलावा.

यावलकर
माझाही एक प्रश्न, विषय जरा सोडून. कोकोची झाडं लहान असताना त्यांना केळीची सावली देतात असं वाचलं. मग आपल्याकडे केळीत आंतरपीक म्हणून कोको का नाही? केळीही आपली, चॉकोलेटही आपलं.

दूरदेशी
सावली देतात हे बरोबर. पण कोकोला वर्षभर दमट, उबदार हवा लागते. आपला मे महिना ४५ अंश आणि कोरडा वारा, जानेवारीत पहाटे ८-१० अंश. दोन्ही टोकं त्याला सोसत नाहीत. म्हणून भारतात कोको आंध्र, केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत दिसतो. कर्नाटकातल्या पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकोलेटचा कारखाना १९८६ पासून आहे.

कोकोच्या शेंगेत बियांभोवती पांढरा गर असतो, तो चक्क आंबटगोड फळ म्हणून खातात. बिया त्या गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, मग वाळवतात, मग भाजतात. आंबवल्याशिवाय चॉकोलेटची चवच तयार होत नाही. म्हणजे चॉकोलेटची फळाशी सोयरीक शेतातच जुळलेली असते.

यावलकर
बरं झालं विचारलं, आता केळीवरच थांबतो. भाव मिळाला तर.

नवी_ओटीजी
एक शंका. केक आत असताना लाईट गेली तर काय करायचं? आमच्या गावात दुपारी भरवसा नसतो.

जळगावची_भट्टी
दार उघडायचं नाही. ओटीजी तापलेला असतो, दहा-पंधरा मिनिटं आतली ऊब काम करत राहते. हा केक पावडर-सोड्यावर फुगलेला नसल्यामुळे एरवीच्या केकएवढा नखरेल नाही. लाईट आली की पुन्हा १६०वर चालू करा आणि ओटीजी मधे जेवढा गार झाला असेल तेवढी पाच-दहा मिनिटं वाढवून सुरी घालून पाहा. तासभर गेली आणि केक निम्माच झालेला असेल तर मात्र टिन झाकून जाड बुडाच्या कढईत, खाली मीठ आणि जाळी, मंद आचेवर. कडा जरा करड्या होतात, पण अंडी वाया जात नाहीत.

सकाळी लवकर करा, हा खरा उपाय. उन्हं चढल्यावर स्वयंपाकघरात ओटीजी लावणं ही स्वतःलाच शिक्षा आहे.

नवी_ओटीजी
धन्यवाद ताई. आणि कोको साधा की डच?

जळगावची_भट्टी
या केकला कुठलाही. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाऊटेन मंडळींनी कोको दाबून चरबी वेगळी काढायच्या रीतीचं पेटंट घेतलं, मग पुढे पावडरीवर अल्कलीची प्रक्रिया करायला लागले. ती डच कोको. रंग गडद, आंबटपणा कमी. ज्या केकमध्ये फक्त खायचा सोडा असतो तिथे फरक पडतो, कारण सोड्याला फुलायला आंबट लागतं आणि डच कोकोत ते उरलेलं नसतं. इथे सोडाच नाही. मी डच वापरते, रंगासाठी.

माहेरवाशीण_अमळनेर
मंडळी, आखाजी पार पडली. फोटो काढायचा राहिला म्हणून शिव्या घालू नका, मांड्यांच्या गडबडीत फोनच सापडत नव्हता.

केक आदल्या दिवशी पहाटे केला. वर गाळलेल्या गुळांब्याचा थर. शेजारी परतलेली केळी, पाकात धडगावचं आमचूर (वाण्याकडे "धडगावचं" म्हणून मागितलं, त्यानं दिलं, खरंच तिथलं का ते त्याला ठाऊक). दूरदेशींचं अगोड क्रीम सोडून घरचा चक्का ठेवला, साखर न घालता, नुसता चमच्यानं घोटून. तो सगळ्यांत जास्त भाव खाऊन गेला. मोठ्या नणंदेनं आधी "श्रीखंडात साखर विसरलीस गं" म्हटलं, मग केकबरोबर खाल्ला आणि पुन्हा चक्काच मागितला.

भाच्यांमध्ये दोन तट पडले, निम्म्या गुळांब्याच्या, निम्म्या केळीच्या. माझं मत विचाराल तर दोन्ही एका ताटलीत नकोत, आंबटगोडाची दोन सोंगं होतात. पुढच्या वेळी एकच ठेवणार, गुळांबा. केळी मी तशीच एखाद्या संध्याकाळी चक्क्याबरोबर देईन.

खापरावरची ताई, तुमच्यासाठी म्हणून एका ताटलीत आंबाही ठेवून पाहिला. पोरांनी आंबा वेगळा खाल्ला, केक वेगळा.

खापरावरची
वेगळा खाल्ला, पण खाल्ला ना? झालं तर मग.

भुसावळ_जंक्शन
पत्ता अजून आलेला नाही.

सावद्याची_सून
ताई, सासूबाईंचं काय केलंत शेवटी? आमच्याकडेही सगळे बिनअंड्याचे आहेत, मलाही तेच विचारायचं होतं. या केकमध्ये अंड्याऐवजी दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून जमेल का?

जळगावची_भट्टी
नाही जमणार, तो नाद सोडा. मैदाही नाही आणि अंडंही नाही, तर धरणारं काहीच उरत नाही. बिनअंड्याचं करायचं तर पदार्थच बदला, टार्ट करा. साध्या गव्हाच्या बिस्किटांचा चुरा २०० ग्रॅम, वितळलेलं बटर ९० ग्रॅम, कालवून टिनात दाबून १७० अंशांवर दहा मिनिटं भाजा आणि पूर्ण गार करा. त्यावर गाळलेल्या गुळांब्याचा थर. मग २५० ग्रॅम डार्क चॉकोलेट आणि २०० मिली फ्रेश क्रीम. क्रीम गरम करायचं, उकळी फुटू द्यायची नाही, बारीक चिरलेल्या चॉकोलेटवर ओतून दोन मिनिटं झाकून ठेवायचं, मग मधून बाहेर गोल ढवळत जायचं. चकाकी आली की ओता.

आपल्याकडच्या टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये फॅट साधारण २५ टक्के असतं. ते फेटून फुगत नाही, पण गनाशला उत्तम. परदेशी पाकृत चॉकोलेट आणि क्रीम सारखं सांगतात, ते तसंच केलं तर उन्हाळ्यात ढिलं राहतं, म्हणून मी चॉकोलेट जास्त धरते. पाच-सहा तास फ्रिजमध्ये. हे मात्र केकपेक्षा लवकर मऊ पडतं, कापलं की लगेच वाढा.

माहेरवाशीण_अमळनेर
सासूबाईंना मी गुळांबा, चक्का आणि वर किसलेलं डार्क चॉकोलेट असं वाटीत दिलं होतं. खाल्लं त्यांनी. चॉकोलेट बाजूला काढून.

यावलकर
टार्टमध्ये केळी बसेल का? कच्ची नको, पिकलेली. विचारून ठेवतो, घड उतरायला आलाय.

जळगावची_भट्टी
बसेल. गुळांब्याच्या जागी चकत्या अंथरा, पण आधी आमचूरच्या पाण्यात बुडवून निथळून घ्या. आंबटामुळे काळ्या पडायला वेळ लागतो, आणि वर गनाश ओतलं की हवा लागत नाही. त्याच दिवशी संपवा मात्र, दुसऱ्या दिवशी केळी पाणी सोडते आणि बिस्किटाचा तळ ओला होतो.